जुना लॅपटॉप, ७४ वर्षांचे अण्णा आणि कुठलं लिनक्स?

पायवाट

नमस्कार मंडळी. धागा काढण्याआधी जुने धागे चाळले, पण तिथे जाणकारांचीच आपापसात जुंपलेली आणि मूळ प्रश्न विचारणारा तिसऱ्या प्रतिसादानंतर गायब. म्हणून ही नवी जिलबी.

अण्णा (वय ७४, निवृत्त शिक्षक, मुक्काम वाई) २०१३ साली घेतलेला लॅपटॉप वापरतात. कोअर आय३, तिसरी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्डडिस्क, विंडोज १०. बटण दाबून चहा टाकायला जायचं, चहा पिऊन कप विसळून यायचं, तेव्हा कुठे ब्राउझर उघडतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. तशी पाटी स्क्रीनवर आली की अण्णा मला पुण्याला फोन लावतात आणि अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवतात.

दुकानदार म्हणाला, भंगारात द्या. अण्णा म्हणाले, मग मलाही द्या.

वापर काय तर सकाळी ई-पेपर, दुपारी यूट्यूबवर कीर्तनं, बँकेची शिल्लक, आणि सातबारा (जमीन वीस गुंठे, बघायचा मात्र आठवड्यातून दोनदा). मुख्य काम म्हणजे घराण्याचा इतिहास. तो २००६ पासून वर्डमध्ये लिहिणं चालू आहे. निम्मी प्रकरणं शिवाजी फॉन्टमध्ये, पुढची युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येईल अशा मराठीत. टाइप करतात ते गमभन शिकल्यापासूनच्या सवयीनं, म्हणजे रोमन अक्षरं दाबून मराठी.

विंडोजच्या जागी लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय. त्याच्या प्रकारांपैकी कुणी उबुंटू म्हणतं, कुणी मिंट, कुणी झोरिन, कुणी पपी. मला यातलं ओ की ठो कळत नाही. एकच नाव सांगा.

शून्य_बाइट

लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. एकच मागितलंत, एकच दिलं.

अडकित्ता

आर्च लिनक्स टाका, त्यात सगळं हातानं जुळवावं लागतं. अण्णा निवृत्त आहेत, वेळच वेळ आहे.

शून्य_बाइट

अडकित्ताराव, बसा खाली.

जरा सविस्तर लिहितो. मिंट उबुंटूच्या पायावर उभं आहे. २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आहे आणि एप्रिल २०२९ पर्यंत तिला सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. म्हणजे अण्णांना तोवर काही बघायला नको. मिंट तीन रूपांत मिळतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन सगळ्यांत देखणं पण जरा खादाड. एक्सएफसीई साधं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. मिंटवाल्यांनी स्वतः दिलेली किमान गरज २ जीबी रॅम आहे, सुखानं चालायला ४. तुमच्याकडे ४ आहे.

विंडोज ११ चा विचारही नको. त्याला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. तुमची तिसरी. आडमार्गाने बसवता येतं, पण अण्णांच्या मशिनवर असले उद्योग करू नयेत.

अवांतर: मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला मुलीचं नाव असतं. २२ विल्मा, २२.१ झिया, २२.२ झारा. घरात नवी सून आली असं सांगा.

चिंचगुळ

मिंटला माझं मत आहेच, पण "हलकं लिनक्स" या शब्दावर थोडं बोलायचंय. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये जुनी मशिनं आहेत, ४ जीबीची काही, २ जीबीची बरीच. त्यांवर मी लुबुंटू, झुबुंटू, मिंट, एमएक्स असं सगळं आलटून पालटून टाकून पाहिलंय. नुसतं सुरू करून काहीही न उघडता मोजलं तर लुबुंटू आणि मिंट एक्सएफसीई यांच्यात दोन-तीनशे एमबीचा फरक पडतो. यूट्यूबचा एक टॅब उघडला की तेवढी रॅम तोच खातो. मग कुठलं लिनक्स हलकं यावर रात्र रात्र वाद घालून मिळवलं काय?

मशिनचा खरा जीव ब्राउझर घेतो. म्हणून आम्ही काय टाकलं यापेक्षा काय बंद केलं ते सांगते. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा जोड टाकला. बातम्यांच्या साइटवर याचा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे बातमीपेक्षा जाहिरातींचंच ओझं जास्त. जुने टॅब बंद करायची सवय लावली. ही सवय मुलांना एका आठवड्यात लागली, शिक्षकांना अजून लागते आहे.

मूळ उबुंटू मी घेणार नाही, कारण २२.०४ पासून तिथे फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात (सगळं सामान एकाच गाठोड्यात बांधून) येतो आणि फिरत्या डिस्कवर पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो. मिंटमध्ये स्नॅप मुळातच बंद असतं.

घाटवाटकरी

ताई, तुम्ही सगळं लिहिलंत पण रोग शेवटच्या ओळीत लपवलात. फिरती हार्डडिस्क! मिंट टाका नाहीतर साक्षात ब्रह्मदेव टाका, बारा वर्षं फिरलेली डिस्क आहे तोवर चहा होऊन कप विसळून होणारच.

अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) घ्या, २४० किंवा २५६ जीबीची. खालचे स्क्रू काढायचे, जुनी डिस्क सरकवून बाहेर, नवी त्याच जागी. पंधरा मिनिटांचं काम. आणि ही खरी गंमत ऐका: जुन्या डिस्कला हात लावायचा नाही. ती आहे तशी, विंडोजसकट, बाजूला ठेवायची. मिंट नव्या डिस्कवर. अण्णांना नाही आवडलं तर परत स्क्रू काढा, जुनी बसवा, जैसे थे. ड्युअल बूटच्या (एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) भानगडीत पडूच नका. नवख्या माणसाचा डेटा जातो तो तिथेच, चुकीच्या विभाजनावर टिचकी मारून.

जुनी डिस्क नंतर दोन प्रकारे वापरता येते. यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून जोडा. नाहीतर त्या काळच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असतो, तो काढून त्याच्या जागी बसणारी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) मिळते. तशा ड्राइव्हला हल्ली विचारतो कोण?

रॅमचं: स्लॉट मोकळा असेल तर आणखी ४ जीबी घाला. तिसऱ्या पिढीला साधी डीडीआर३ चालते, चौथ्या पिढीपासून बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. एल लिहिलेली घेतलीत तर दोन्हीकडे बसते.

आणि उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ ब्रशनं काढा. आत वाटाण्याएवढा नाही, पण रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. तो मेला की बंद केल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची साइट सर्टिफिकेटच्या नावानं बोंब मारते. लोकांना वाटतं व्हायरस आला.

पायवाट

अरे देवा, तारीख! अण्णांचा लॅपटॉप दर वेळी "१ जानेवारी" म्हणतो आणि अण्णा हातानं तारीख बदलतात. त्यांना वाटायचं सगळ्यांनाच करावं लागतं.

एसएसडी मागवते. पण स्क्रू मी काढायचे?

घाटवाटकरी

तुम्हीच. आधी चार्जर काढा, बॅटरी काढा, एका वाटीत स्क्रू ठेवा. शिवणयंत्राला तेल घालता येतं त्याला हे येतं.

बोरूबहाद्दर

मराठीबद्दल अजून कुणी बोललं नाही, आणि अण्णांचं तर सगळं काम मराठीतच. माझा धंदाच जुळणीचा असल्यामुळे हा प्रतिसाद लांबणार आहे. कंटाळा आला तर थेट शेवटाकडे जा.

टायपिंगची काळजी नको. मिंटच्या मेनूत इनपुट मेथड नावाचं साधन आहे. त्यातून आयबस घ्या आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे पॅकेज. लॉगआउट करून परत आत या. मग मराठीच्या यादीत इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स दिसतील, आणि चक्क गमभनही आहे. नाव वाचून मी खुर्चीतच सरळ बसलो होतो. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या संकेतस्थळांवरची ती जुनी टंकनपद्धत सुखानं नांदते आहे. अण्णांच्या बोटांना वेगळं काही शिकवायला नको.

आता शिवाजी. हे नीट समजून घ्या, नाहीतर रडायची वेळ येईल. शिवाजी, सुरेख वगैरे जुन्या फॉन्टांत फाइलमध्ये मराठी नसतंच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे कपडे घालतो. कपडे काढले की नुसता कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते! घाबरून त्यावर काहीतरी करून "सेव्ह" मात्र करू नका. जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून शिवाजीची टीटीएफ फाइल उचला, मिंटमध्ये तिच्यावर दोनदा टिचकी मारा, "इन्स्टॉल" म्हणा. लिबरऑफिसमध्ये मजकूर परत मराठी दिसेल.

पण लिबरऑफिसची एक खोड आधीच बंद करा. वाक्याचं पहिलं रोमन अक्षर ते आपोआप मोठं करतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करताना मोठं अक्षर म्हणजे वेगळंच देवनागरी अक्षर. अण्णा "क" दाबतील आणि भलतंच उमटेल. ऑटोकरेक्टच्या पर्यायांत जाऊन हे काढून टाका.

युनिकोडच्या प्रकरणांबद्दल: वर्डमधला मंगल फॉन्ट लिनक्सबरोबर येत नाही, त्याजागी दुसरा लागतो आणि पानांची मोडणी हलते. ३०० पानांत दोन-पाच पानं इकडेतिकडे होतील. मोकळ्या परवान्याचे चांगले मराठी फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइपचा "मुक्त" पडद्यावर वाचायला छान, आयआयटी मुंबईचा "शोभिका" पुस्तकाच्या पानासाठी. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठरवावा लागतो, कारण ते आपल्या लिपीला "कॉम्प्लेक्स टेक्स्ट" म्हणतं. सेटिंगमध्ये त्या खान्यात भाषा मराठी निवडा. हे केलं नाही तर तुम्ही आकार १४ करत राहता आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. लोक याला लिनक्सचा दोष समजतात. तो एका न भरलेल्या रकान्याचा दोष आहे.

दीर्घकाळाचं औषध म्हणजे शिवाजीतली प्रकरणं युनिकोडमध्ये बदलून घेणं. रूपांतरक मिळतात, पण नंतर ओळ न् ओळ वाचावी लागते. रफार आणि "ऱ्या" यांच्यावर हमखास घोळ होतो.

अडकित्ता

वाचनखूण साठवली. थट्टा नाही, खरंच.

दोन पैशांची अक्कल

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून विरोधी पक्षात बसतो. मी लिनक्सचा शत्रू नाही, घरच्या सर्व्हरवर डेबियनच आहे. पण काही प्रश्न.

एक, मदत. वाईत शेजारचा मुलगा विंडोज दुरुस्त करून देईल, मिंट बघून पळेल. दोन, डिजिटल सहीचा टोकन, टॅली, कर भरायची ती खास साधनं, यांतलं अण्णा काही वापरतात का? टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे की नाही हे आधी बघावं लागतं, नंतर नाही. तीन, विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. एसएसडी टाका, ती योजना घ्या, वर्षभर शांत बसा. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी का मोडायच्या?

चिंचगुळ

तिसरा मुद्दा बिनचूक आहे, नाकारत नाही. पण वर्षानं अण्णा ७५ चे होतील आणि प्रश्न हाच असेल. शिकायचंच तर आज, जुनी डिस्क हाताशी असताना.

शेजारच्या मुलाचं म्हणाल तर अण्णा फोन कुणाला करतात? पायवाटताईंना. म्हणजे ताईंना पुण्यातून अण्णांचा पडदा दिसायला हवा. एनीडेस्क किंवा रस्टडेस्क मिंटवर चालतं. जाताना तेवढं टाकून, पासवर्ड ठरवून या. बाकी कशाहीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आणि लिनक्स पाहून पोरं पळतात हे जरा जपून म्हणा. केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात. तिथली मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत.

पायवाट

टोकन नाही, टॅली नाही. बँक ब्राउझरमधून, ओटीपी अण्णांच्या साध्या फोनवर येतो.

परदेशी पाखरू

डब्लिनमधून रामराम. झोरिनचं नाव वर आलं आणि कुणी पुढे बोललं नाही म्हणून गाववाल्याच्या नात्याने हजर. झोरिन इथलंच, दोन भावांनी काढलेलं. त्यांनी १८ वी आवृत्ती मुद्दाम १४ ऑक्टोबर २०२५ लाच सोडली, ज्या दिवशी विंडोज १० ची मुदत संपली. दिसायला मिंटपेक्षा देखणं आहे. माझ्या ८ जीबीच्या मशिनवर लोण्यासारखं चालतं. पण प्रामाणिकपणे सांगतो, ४ जीबी आणि तिसऱ्या पिढीवर मी मिंट एक्सएफसीईच टाकीन. अभिमान एकीकडे, अण्णा एकीकडे.

क्रोमओएस फ्लेक्स (गूगलची, ब्राउझरभोवती बांधलेली सिस्टिम) कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो: ४ जीबीवर चालतं, सोपं आहे, पण अण्णांचे ते शिवाजीतले दस्तऐवज तिथे नेऊन काय करणार?

कोपऱ्यातला_कीबोर्ड

धागा पळवत नाही, एकच प्रश्न. माझ्याकडे त्याहून जुनी नेटबुक आहे, १ जीबी रॅम, ३२ बिटचा जुना प्रोसेसर. तिचं काही होईल का?

शून्य_बाइट

अँटीएक्स टाकून बघा, ते ३२ बिटवर अजून मिळतं. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर गेला, क्रोम तर २०१६ लाच गेलं, फायरफॉक्सनंही २०२५ मध्ये ३२ बिट लिनक्सची साथ सोडली. त्यामुळे टायपिंग, गाणी, पीडीएफ यांच्यासाठी ठेवा. त्यावर बँक उघडू नका.

पायवाट, आता बसवण्याबद्दल. एसएसडी येईपर्यंत मिंटची फाइल उतरवा (जवळपास ३ जीबी), ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहा. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबा, काही मशिनांत एफ९ किंवा एस्केप असतं. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालू होईल, डिस्कवर काहीही न लिहिता. तिथेच अर्धा तास खेळा: आवाज येतो का, वायफाय दिसतं का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या यादीतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडा.

वायफाय दिसलं नाही तर हाय खाऊ नका. काही चिपचे ड्रायव्हर मोकळ्या परवान्याचे नसतात म्हणून ते नंतर घ्यावे लागतात. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

पायवाट

मंडळी, अहवाल. शनिवार-रविवार वाईत काढला.

स्क्रू अकरा होते, बसवल्यावर दहा लागले. अकरावा कुठला ते अजून कळलेलं नाही, पण झाकण हलत नाही. नवा सेल घातला. पंख्यातून जे निघालं त्याला धूळ म्हणणं म्हणजे अन्याय आहे, वाकळ होती.

वायफाय दिसलं नाही. शून्य_बाइट यांनी आधी लिहिलं नसतं तर मी तिथेच हात टेकले असते. फोन जोडला, ड्रायव्हर मॅनेजरने एक नाव सुचवलं, होय म्हटलं, पुन्हा चालू केला, वायफाय आलं. आता बटण दाबल्यापासून फायरफॉक्स उघडेपर्यंत पाऊण मिनिटही लागत नाही. अण्णा म्हणाले, "मग चहा कधी करायचा?"

गमभन सापडलं! अण्णांनी पहिल्याच फटक्यात "कऱ्हाड" लिहून पाहिलं. तो त्यांचा परीक्षेचा शब्द आहे, जिथे नीट उमटत नाही ते यंत्र नापास. पास झालं.

शिवाजीची प्रकरणं उघडली तेव्हा पडद्यावर कचरा दिसला आणि अण्णांचा चेहरा उतरला. एकोणीस वर्षांचं काम. बोरूबहाद्दर, तुमचा प्रतिसाद मी छापून नेला होता, तो त्यांच्या हातात दिला. फॉन्ट टाकला, फाइल परत उघडली आणि पणजोबा जागेवर. नंतर अण्णांनी तो कागद दोनदा वाचला आणि "ऑटोकरेक्ट" स्वतः शोधून बंद केलं. मला करू दिलं नाही.

दोन पैशांची अक्कल, तुमचंही ऐकलं. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख घालून कपाटात ठेवली आहे.

आता नवीन प्रश्न. अण्णांना पहिलं प्रकरण छापून हवंय. घरी प्रिंटर नाही. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे शिवाजी फॉन्ट असेल का?

बोरूबहाद्दर

नसू दे. लिबरऑफिसमधून पीडीएफ काढा, फॉन्ट त्याच्या आतच बसतो. पेनड्राइव्हवर पीडीएफ द्या, वर्डची फाइल देऊच नका. दुकानात उघडून "जरा सरळ करून देतो" म्हणणारे असतात.

पायवाट

छापून आलं, ३८ पानं, अक्षर न् अक्षर जागेवर. पान १४ वर पणजोबांचं जन्मसाल चुकलं आहे. अण्णा मला म्हणतात, २००६ साली ते तूच टाइप केलं होतंस.